तिघांची एकच सर्दी

दवाखान्याचं शटर खाली होतं आणि त्यावर वहीचा एक कागद चिकटवला होता. ‘डॉक्टर परगावी गेले आहेत. दवाखाना सोमवारी उघडेल.’ मी तो कागद तीन वेळा वाचला. वार गुरुवार होता.

माझ्याआधी चार-पाचजण तिथं येऊन थांबले होते. बाजार समितीत हमाली करणारा दशरथ गुडघा धरून पायरीवर बसला होता. मराठी शाळेच्या पाटोळेबाई पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. शोधून झालं की पर्स मिटायच्या आणि लगेच परत उघडायच्या. कुणी कुणाशी बोलत नव्हतं आणि कुणी घरीही जात नव्हतं.

“कंपाउंडरच्या घरला जाऊन आलो,” दशरथ म्हणाला. “किल्ली नाही म्हणतोय. डॉक्टर पोराच्या ॲडमिशनसाठी बंगळूरला गेल्यात.”

“फोन लावलास?”

“बंद लागतोय.”

सकाळचे साडेसात झाले होते, हवेत चांगला गारवा होता आणि माझा शर्ट पाठीला चिकटला होता. खिशातली कागदी पुडी मी बोटांनी चाचपली. ती रिकामी आहे हे मला आदल्या संध्याकाळपासून माहीत होतं.

मी एसटीत ड्रायव्हर होतो. तेव्हा नोकरीला एकोणीस वर्षं झाली होती. कोल्हापूरच्या बाजूला, घाटाजवळचा आमचा तालुका. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्या डॉक्टरांची माणसं अजून तिथं राहतात आणि त्यांचा यात काही दोष नाही. डॉक्टरांना मी इथं मगदूम म्हणतो.

त्याच्या तीन वर्षं आधी माझी कंबर धरली. सकाळी वाकून बूट घालता येईना. मगदूम डॉक्टरांनी मला पालथं झोपवलं, मणका न् मणका दाबून पाहिला, आणि कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या दिल्या. अर्धी पिवळी, अर्धी पांढरी कॅप्सूल. “सकाळी एक, रात्री एक. गाडीवर फारच दुखलं तर दुपारी एक.” पहिली गोळी घेतली आणि तासाभरात वाटलं, पाठीवरचं पोतं कुणीतरी अलगद उतरवून घेतलं. पाठच नव्हे, डोक्यातली कटकटसुद्धा गेली. त्या दिवशी मी प्रवाशांशी हसून बोललो म्हणून माझा कंडक्टर मुल्लाभाई चकित झाला होता.

डॉक्टरांवर माझा विश्वास होता तो काही त्या गोळीमुळं नव्हे. माझे वडील शेवटच्या दुखण्यात होते तेव्हा हा माणूस दिवसातून दोनदा स्कूटरवरून घरी यायचा. गेले त्या दिवशी त्यांच्या उशाशी बसून होता. अशा माणसाला गोळीचं नाव काय, असं कोण विचारतं? दोनाच्या तीन झाल्या, तिनाच्या पाच झाल्या. मी एकदा बोलून दाखवलं तर ते म्हणाले, “साखरेच्या पेशंटला नाही का रोज गोळी लागत? तसंच समज.” मी तसंच समजलो.

त्या गुरुवारी मला जवळच्याच खेड्यांच्या फेऱ्या होत्या, त्या कशाबशा केल्या. दुपारपासून नाक गळायला लागलं. जांभया इतक्या येत होत्या की जबडा दुखला. घरी आलो तर बायको, शालन, कपाळाला हात लावून म्हणाली, “कपाळ तर गार हाय. ताप नाही. मग कापताय का?”

“सर्दी झाली असंल.”

“सर्दीनं पाय झाडतंय व्हय कुणी?”

माझे पाय खरंच जागेवर राहत नव्हते. पोटऱ्यांत मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं होत होतं. आणि त्या सगळ्यापेक्षा वाईट म्हणजे एक भीती वाटत होती, ती कसली ते कळत नव्हतं. दार वाजलं की छातीत धस्स व्हायचं. पोरीला शाळेतून यायला दहा मिनिटं उशीर झाला तर मी रस्त्यात जाऊन उभा राहिलो. काहीतरी वाईट घडणार आहे आणि ते आपल्या हातून घडणार आहे, असं सारखं वाटत होतं.

शुक्रवारी रत्नागिरीची गाडी होती. गणपतीला आठवडा राहिला होता, कोकणात जाणाऱ्यांनी गाडी खच्चून भरली होती. रजा मागितली असती तर साहेबांनी नाही म्हटलं नसतं. पण कारण काय सांगणार? सर्दी? मी स्टिअरिंगवर बसलो.

मुल्लाभाई आणि मी आठ वर्षं जोडीनं ड्युटी केलेली. तो माणूस फार बोलत नसे, पण त्याच्या नजरेतून काही सुटत नसे. पहिल्या तासाभरात तो तीनदा केबिनशी येऊन गेला.

“सदाभाऊ, गिअर का कुरकुरतोय?”

“क्लच जड झालाय.”

“क्लच कालपर्यंत बरा होता.”

घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायला हात सोडायची हिंमत होत नव्हती. समोरून ट्रक आला की वाटायचं, अंगावरच येतोय. दोनदा मी विनाकारण ब्रेक दाबला. मागं उभी असलेली माणसं एकमेकांवर आदळली आणि कुणीतरी शिवी दिली.

घाटमाथ्यावर चहासाठी पंधरा मिनिटं गाडी थांबायची. तिथून पुढं उतार. त्या दिवशी धुकं इतकं होतं की हॉटेलच्या पाटीवरची अक्षरंही दिसत नव्हती. मी उतरलो, नळाखाली डोकं धरलं आणि तसाच ओल्या डोक्यानं हॉटेलमागच्या कट्ट्यावर जाऊन बसलो. दहा मिनिटांनी मला हीच गाडी, अठ्ठावन्न माणसांसकट, खाली न्यायची होती.

“सदाशिव लोहार ना तुम्ही?”

पाटोळेबाई होत्या. त्या गाडीत होत्या हे मला माहीतच नव्हतं. पदराचं टोक नाकाला लावलेलं, डोळे लाल.

“तुम्ही कुठं निघालात, बाई?”

“खाली. तिथल्या एका औषधाच्या दुकानात चिठ्ठी न दाखवता मिळतं म्हणे. शाळेत आजारपणाची रजा टाकली.” त्या माझ्याशेजारी बसल्या आणि त्यांना लागोपाठ दोन जांभया आल्या. तिसरी मला आली.

“तुम्हालाही सर्दी?” मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. वर्गात पोराचं खोटं पकडलं की बाई बघतात तसं.

“मगदूम डॉक्टरांकडं तुम्ही कशासाठी जाता?”

“कंबरेसाठी.”

“मी डोक्यासाठी जाते. अर्धशिशी. सकाळी दशरथ भेटला होता, त्याचं नाक असंच वाहतंय. तो जातो गुडघ्यासाठी.” त्यांनी तीन बोटं मोजली. “कंबर, डोकं आणि गुडघा. तिघांना एकच सर्दी कशी होईल हो?”

त्यांनी पर्स उघडली. आतल्या कप्प्यात रुमालाची गाठ होती, ती सोडली. अर्ध्या पिवळ्या, अर्ध्या पांढऱ्या दोन कॅप्सूल. डोक्यासाठी दिलेल्या. माझ्या कंबरेसाठी दिलेल्या होत्या तशाच, अगदी त्याच.

“दोनच उरल्यात,” त्या म्हणाल्या. “दुकानात मिळालं नाही तर म्हणून ठेवल्या होत्या. एक घ्या. तुम्हाला गाडी न्यायचीय.”

त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली. मी पाण्याचा पेला उचलला. खरं सांगतो, गोळी जिभेवर जायच्या आधीच नुसत्या तिच्या असण्यानं माझ्या हाताचं कापणं कमी झालं. आणि तेच पाहून मी घाबरलो.

कारण एक गोष्ट मी तोवर कुणालाच सांगितली नव्हती. महिनाभरापूर्वी याच घाटानं मी गाडी खाली नेली होती, त्या दिवशी सहा गोळ्या पोटात होत्या. खाली पोचल्यावर मुल्लाभाई म्हणाला होता, “आज झकास उतरवलीस.” आणि मला वरचा थांबा आठवत होता, खालचा थांबा आठवत होता, मधला घाट आठवत नव्हता. सत्तावीस वळणं. एकही नाही. मी स्वतःला सांगितलं होतं की रोजचा रस्ता आहे, होतं असं.

म्हणजे गोळी घेऊन मी गाडी चालवू शकत नव्हतो. न घेताही नव्हतो.

मी कॅप्सूल बाईंच्या रुमालात परत ठेवली. ती ठेवायला किती वेळ लागला ते त्यांनाच विचारायला पाहिजे. मला तो फार लांब वाटला. मग मी मुल्लाभाईकडं गेलो.

“मुल्लाभाई, डेपोला फोन कर. दुसरा ड्रायव्हर मागव.”

“का? काय होतंय?”

“मला गाडी चालवता येत नाही.”

त्यानं मला खालीवर न्याहाळलं. “बरं,” एवढंच म्हणाला आणि फोनपाशी गेला.

प्रवाशांना कळलं तशी माणसं भोवती जमा झाली. दोन तास खोळंबा म्हटल्यावर कोण गप्प बसणार? एकजण म्हणाला, दारू प्यालाय. दुसरा म्हणाला, तोंडाचा वास घ्या. त्यानं खरंच माझ्या तोंडाजवळ नाक आणलं. एक म्हातारी मात्र मला आपल्या पिशवीतला लाडू देत राहिली, उपाशी असशील म्हणून. मी त्या सगळ्यांच्या मध्ये उभा होतो, नाक गळत होतं, आणि मी पुन्हा तेच सांगत होतो, मला चालवता येत नाही. एकोणीस वर्षांत हे वाक्य माझ्या तोंडून गेलं नव्हतं.

दुसरा ड्रायव्हर आला. गाडी धुक्यात गेली, तिच्याबरोबर पाटोळेबाईही गेल्या. डेपोच्या जीपनं मला परत आणलं आणि मुल्लाभाईच्या सांगण्यावरून घराऐवजी ग्रामीण रुग्णालयात सोडलं.

तिथं फरांदे म्हणून नव्या लेडी डॉक्टर होत्या. वय माझ्या भाचीएवढं. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, हाताला आलेले काटे पाहिले, आणि विचारलं, “कुठली गोळी घेत होता?”

“नाव माहीत नाही. मगदूम डॉक्टर देतात.”

“एखादी आहे?”

शालनला घरी शोधायला लावलं. माझ्या खाकी पँटच्या खिशात, शिवणीत अडकलेली एक सापडली, ती घेऊन शालन आली. फरांदे डॉक्टरांनी ती उजेडात धरली. त्या कॅप्सूलवर बारीक अक्षरं छापलेली होती. तीन वर्षांत मी ती कधी वाचली नव्हती.

“ट्रामाडॉल,” त्या म्हणाल्या. “अफूच्या जातीचं औषध आहे हे. ऑपरेशननंतर वगैरे चार दिवस देतात. तुम्ही किती दिवस घेताय?”

“झाले काही महिने.”

शालन माझ्याकडं बघायला लागली. तिच्यासमोर मला ते खोटं रेटता आलं नाही. “तीन वर्षं,” मी म्हणालो.

“दिवसाला?”

“सहा. कधी सात.”

डॉक्टर खुर्चीत मागं टेकल्या. “तुम्हाला सर्दी झालेली नाही, सदाशिवराव. तुम्हाला व्यसन लागलंय. तुम्ही लावून घेतलेलं नाही, ते लावलं गेलंय. पण सोडवायचं तुम्हालाच आहे, आणि एकदम नाही, उतरत उतरत. मंगळवारी जिल्ह्याच्या सिव्हिलला व्यसनमुक्तीची ओपीडी असते, मी चिठ्ठी देते. तोवर निभेल एवढं औषध देते.” मग त्यांनी आवाज जरा खाली घेतला. “या महिन्यात असे आलेले तुम्ही चौथे पेशंट. बाकीच्या तिघांनी लिहून द्यायला नकार दिला. तुम्ही तक्रार द्याल?”

मला वडिलांच्या उशाशी बसलेला माणूस दिसला. “विचार करून सांगतो,” मी म्हणालो.

सोमवारी सकाळी मी मगदूम डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलो. जाताना मनाशी म्हणत होतो, जाब विचारायला चाललोय. तसं असतं तर मी पहिला नंबर लागावा म्हणून साडेसहाला जाऊन बसलो नसतो.

त्यांनी मला आत घेतलं, दार लोटलं. “सदाशिव, ऐकलं मी. घाटात गाडी सोडलीस म्हणे. चार दिवसांचं जास्त औषध देऊन ठेवायला हवं होतं, माझीच चूक.”

“डॉक्टर, त्या गोळीचं नाव काय?”

त्यांनी चष्मा काढला. “नाव कळून तू काय करणार होतास?”

“पाटोळेबाईंना पण तीच देता. दशरथला पण.”

“त्यांना पण दुखतं.” ते शांतपणे बोलत होते. “तू वाकून चालत आलास, मी तुला सरळ केला. तीन वर्षं नोकरी केलीस, एक खाडा नाही. दुसऱ्या कुणी ऑपरेशन सांगितलं असतं. मी तुझं वाईट केलं का?”

“तीन वर्षांत तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की आता बंद करून बघू.”

“केलं असतंस? तुम्ही लोक दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दारात गेला असता. माझ्या दारात निदान मी होतो.”

“मी गाडी चालवतो हे तुम्हाला माहीत होतं.”

ते खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. चुकलं म्हणाले असते तरी मी बहुतेक उठून घरी गेलो असतो आणि पुढचं काही झालं नसतं. पण त्यांनी ड्रॉवर उघडला, कागद फाडला, कॅप्सूल मोजून पुडी बांधली आणि टेबलावर माझ्या बाजूला सरकवली. नेहमीसारखी.

“घे. सावकाश बोलू. बाहेर माणसं खोळंबलीत.”

मी पुडी घेतली. बाहेर पडलो, कोपऱ्यावरच्या नळाशी थांबलो आणि एक गोळी गिळली. मग तिथंच उभा राहिलो. अर्ध्या तासात पाय शांत झाले, भीती ओसरली, ऊन छान वाटायला लागलं. डॉक्टर आपलेच वाटायला लागले. मला कळत होतं की हे मला वाटत नाहीये, ही गोळी वाटायला लावतेय. असं स्वतःला बाहेरून बघणं फार वाईट असतं.

तसाच चालत ग्रामीण रुग्णालयात गेलो आणि पुडी फरांदे डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

“आज सकाळी दिलीय,” मी म्हणालो. “यातली एक मी खाल्ली आहे. तेही लिहा.”

त्यांनी लिहिलं, मी सही केली.

चौकशी दोन वर्षं चालली. मेडिकल कौन्सिलनं मगदूम डॉक्टरांना काही काळासाठी डॉक्टरकी करायला बंदी केली. त्याच्या आधीच, तक्रार गेल्याचं कळल्यावर महिनाभरात, त्यांनी दवाखाना बंद केला होता. गावात बोललं गेलं की लोहारानं देवमाणूस घालवला. मला सिव्हिलमध्ये चौदा दिवस ठेवलं होतं. नंतर सहा महिने डेपोच्या वर्कशॉपमध्ये नटबोल्ट धुतले, मग फिटनेसचा दाखला मिळाला आणि स्टिअरिंगवर परत बसलो. दशरथ दारूकडं वळला आणि तीन वर्षांत गेला. त्याची बायको अजून माझ्याशी बोलत नाही. तिला काय सांगायचं ते मला आजही सुचत नाही.

दवाखाना बंद झाल्यावर पहिल्याच रविवारी पाटोळेबाई आमच्या दारात आल्या. खूप वाळल्या होत्या. साडीच्या निऱ्या नीट बसल्या नव्हत्या. शालननं त्यांना पाट दिला, तो न घेता त्या उभ्याच राहिल्या.

“तुम्ही सही करताना माझा विचार केला होता का?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“खालच्या दुकानदारानंही आता हात वर केलेत. तुम्हाला गाडी होती, ती सोडता आली. माझ्यापुढं चाळीस मुलं असतात. मी फळ्याकडं तोंड करून उभी राहते आणि खडू धरवत नाही. मुलं हसत नाहीत, गप्प बसतात. त्याचं जास्त वाटतं.” त्यांचा श्वास चढला. “तुम्हाला खूप बोलायचं ठरवून आले होते. वाटेत सगळं पाठ केलं होतं.”

“बोला की.”

त्या खाली बसल्या. शालननं चहा ठेवला.

“मंगळवारी सिव्हिलला जाऊ,” मी म्हणालो. “मी येतो बरोबर.”

“गावातलं कुणी बघितलं तर? मी शिक्षिका आहे, सदाभाऊ.”

“माझ्याबरोबर बघतील. मला बघून बघून त्यांचे डोळे दमलेत.”

मंगळवारी सकाळी मी स्टँडवर जाऊन उभा राहिलो. सहाची गाडी गेली. सातची गेली. साडेसातच्या गाडीवर मुल्लाभाई होता. त्यानं घंटीची दोरी हातात धरून माझ्याकडं बघितलं.

“किती वेळ थांबू?”

“जरा थांब.”

नवा ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. मुल्लाभाईनं त्याला मागच्या चाकात हवा बघायला पाठवलं. हवा बरोबर होती. तो परत येऊन बसला तेव्हा कँटीनच्या बाजूनं बाई येताना दिसल्या. डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी. कुणाकडं न बघता चढल्या आणि माझ्या शेजारी बसल्या.

गाव मागं पडेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग हळूच विचारलं, “तिथं पहिल्यांदा काय विचारतात?”

“किती वर्षं झाली ते.”

“खरं सांगायचं?”

“मी आधी खोटं सांगितलं होतं. ते टिकलं नाही.”

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. ओठ हलत होते, मनात हिशेब चालला असावा.

“सहा,” त्या म्हणाल्या. पुढच्या बाकावरच्या माणसाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

मी समोर रस्त्याकडं बघत राहिलो. थोड्या वेळानं त्यांनी घसा खाकरला आणि वर्गात पाढा घोकून घ्यावा तसं, आवाज जरा चढवून, पुन्हा म्हटलं.

“सहा वर्षं.”